अण्णा आंबेरकर नॉर्वेला निघाले

चहा घेणार का, असं विचारलं तरी अण्णा आंबेरकर "मोजून सांगतो" म्हणायचे. मग क्षणभर समोरच्या भिंतीकडे बघत राहायचे आणि कप पुढे ओढायचे. हे दोन शब्द त्यांच्या तोंडात इतके बसले होते, की मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं तरी तेच आणि साहेबांनी रजेबद्दल विचारलं तरी तेच.

अठ्ठ्याण्णव साली मी रत्नागिरीला जमीनमोजणीच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर लागले, तेव्हा अण्णांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. भूकरमापक म्हणून तीस वर्षं त्यांनी तालुक्यातले कातळ, कलमांच्या बागा आणि भाताचे मळे पायाखाली घातले होते. उंच, काटकुळे, उन्हाने रापलेले. चालताना प्रत्येक पाऊल सारख्या अंतरावर पडायचं. एकदा खिडकीतून बघून त्यांनी सांगितलं, की समोरच्या रस्त्यापलीकडचा विजेचा खांब इथून एकाहत्तर मीटरवर आहे. एका सहकाऱ्याने गंमत म्हणून टेप लावला, तर हातभराचा फरक निघाला. अण्णांनी तो टेप मागून घेतला, बोटांनी चाचपला आणि टेप ताणला गेलाय, बदलून घ्या, असं शांतपणे सांगितलं. पुढच्या आठवड्यात तो टेप खरोखरच बाद झाला.

पण त्यांच्या दोन-तीन गोष्टी मला पहिल्यापासून खटकायच्या. एक म्हणजे, सख्ख्या भावांच्या वाटणीची मोजणी त्यांच्याकडे आली की ते ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायचे आणि बदल्यात त्याची डोंगरातली, पायपिटीची दोन कामं हसत घ्यायचे. दुसरं म्हणजे, रस्त्यात कुणी "ओ दादा" अशी हाक मारली, मग ती रिक्षावाल्याने दुसऱ्याच कुणाला मारलेली का असेना, अण्णा जागच्या जागी थांबायचे. वळून बघायचे नाहीत. नुसते थांबायचे आणि थोड्या वेळाने चालू लागायचे.

तिसरी गोष्ट मला गोताड शिपायाने सांगितली. मोजणीला तो अण्णांच्या बरोबर साखळी आणि झेंड्या घेऊन जायचा. मालगुंडला एका बागेची मोजणी चालली होती. भर दुपारची वेळ. अण्णा मोजणीच्या फळीवर वाकून नकाशाची रेघ मारत होते. त्यांनी मान वर केली आणि गोताडला ओरडून सांगितलं, की त्या दगडी गडग्याजवळ उभा आहे त्या माणसाला बाजूला व्हायला सांग, झेंडी दिसत नाही. गडग्याजवळ कुणी नव्हतं. बागेचा मालक आणि त्याचा गडी दोघेही अण्णांच्या मागे सावलीत उभे होते. गोताड म्हणाला, "मी बोललो, अण्णा, तिथं कोण नाय. तर ते माझ्याकडं बघत राहिले आणि बोलले, बरं, मग राहू दे त्याला." मोजणी त्यांनी पुरी केली. एसटीत मात्र रत्नागिरी येईपर्यंत तोंड खिडकीकडे करून बसले. गोताडच्या म्हणण्याप्रमाणे असं चार-पाच वेळा झालं होतं.

नव्व्याण्णवच्या दिवाळीच्या सुमारास टपालात एक परदेशी पाकीट आलं. पत्ता अण्णांच्या नावाचा, पण कचेरीचा. आमच्याकडे परदेशातून टपाल येण्याचं काही कारणच नव्हतं, त्यामुळे मी ते स्वतः नेऊन दिलं. अण्णांनी ते हातात घेतलं, तिकिटावरचं जहाज बघितलं आणि न फोडता खणात ठेवलं. तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले.

"शेट्ये बाई, तुमचं इंग्रजी चांगलं आहे. हे एवढं वाचून दाखवा. हळू वाचा."

पत्र नॉर्वे देशाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका बेटावरून आलं होतं. तिथल्या चर्चच्या दफनभूमीची व्यवस्था बघणाऱ्या गृहस्थाने ते लिहिलं होतं. रघुनाथ आंबेरकर यांच्या कबरीला पुढच्या वर्षी वीस वर्षं पूर्ण होतात. आमच्या नियमाप्रमाणे त्यानंतर कुणी नातेवाईकाने मुदत वाढवून घेतली नाही, तर ती जागा दुसऱ्याला दिली जाते. पुढचा उन्हाळा संपेपर्यंत कळवावं. आमच्या नोंदीत तुमचा एवढाच पत्ता आहे.

मी विचारलं, रघुनाथ कोण. अण्णा म्हणाले, "नात्यातले." मग पत्राची घडी त्याच रेषांवर पुन्हा घालत त्यांनी विचारलं, की नॉर्वेला जायला काय काय लागतं.

मी त्यांना म्हटलं, जाण्याची काय गरज आहे, मुदत वाढवा म्हणून मी पत्र लिहून देते, दोन ओळींचं काम आहे. त्यावर ते म्हणाले, "दोन ओळींचं पत्र एकदा झालंय. आता जागेवर जायला हवं."

तिथून पुढचे सात-आठ महिने आम्ही नॉर्वेची तयारी केली. आम्ही म्हणजे ते. मी फक्त इंग्रजी पत्रं लिहिली. अण्णांनी आयुष्यात महाराष्ट्राची हद्द ओलांडली नव्हती, विमान फक्त खालून बघितलं होतं. आणि देश निवडलेला असा, की तिथे एका कॉफीच्या किमतीत आपल्याकडे दोघांचं जेवण व्हावं. हे मारुती मंदिराजवळ नव्याने निघालेल्या इंटरनेटच्या दुकानात आम्हाला कळलं. तिथल्या संगणकावर एक चित्र उघडायला पाच-सात मिनिटं लागायची आणि ते वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचं. त्या बेटाचं चित्र आम्ही उघडलं. आधी आभाळ आलं, मग काळे उघडे डोंगर, मग समुद्राची कड. खाली लाल रंगाच्या घरांची छपरं दिसू लागली तसे अण्णा खुर्चीवरून उठले. "पुढचं नको," म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. मी बाहेर आले तेव्हा चित्र पूर्ण आलं का, हेही त्यांनी विचारलं नाही.

बाकी तयारी मात्र त्यांनी मोजणीच्या शिस्तीने केली. तिकडच्या नकाशाच्या खात्याला पत्र लिहून बेटाचा नकाशा मागवला. तो आला त्या दिवशी अण्णा मधल्या सुट्टीत जेवले नाहीत. नकाशावरून हात फिरवत बसले होते. किती सुरेख काम आहे, एक ओढासुद्धा सोडलेला नाही, असं पुनःपुन्हा म्हणत होते. मॉस्कोवरून जाणारं सगळ्यात स्वस्त विमान, मग उत्तरेकडे जाणारी आगगाडी, मग बोट, आणि बोटीतून उतरल्यावर पस्तीस किलोमीटर पायी. तिथे बस होती, पण पस्तीस किलोमीटरला कसली बस, असं अण्णांचं मत. हॉटेलात तर राहायचंच नव्हतं. हॉस्टेलातसुद्धा दोनच रात्री, आणि तिथे चादरीचं भाडं वेगळं पडतं असं कळल्यावर माझ्या आईने त्यांना दोन जुन्या साड्यांची पिशवीसारखी चादर शिवून दिली.

राहिलेल्या रात्रींचं काय, हा प्रश्न होता. त्याचं उत्तर तिकडच्या पर्यटन खात्याने पाठवलेल्या पुस्तिकेत मिळालं. मी वाचून दाखवलं, की त्या देशात लागवड नसलेल्या कुणाच्याही जमिनीत कुणीही तंबू ठोकून दोन रात्री राहू शकतो. मालकाची परवानगी लागत नाही. अट एवढीच, की राहत्या घरापासून दीडशे मीटर लांब राहायचं.

अण्णांनी मला ते तीनदा वाचायला लावलं.

"मालक काही बोलत नाही?"

"नाही. कायदाच आहे तसा."

"आणि जमीन त्याची ती त्याचीच राहते?"

"हो."

तीस वर्षं त्यांनी वीतभर जमिनीसाठी माणसं एकमेकांच्या अंगावर कोयते घेऊन धावताना पाहिली होती. त्या दिवशी ते कागदपत्रं तशीच टेबलावर टाकून लवकर घरी गेले.

तंबू मिरकरवाड्यातल्या इब्राहिमचाचांनी शिवला. ते मच्छीमार होड्यांची ताडपत्री शिवायचे आणि तरुणपणी मोठ्या जहाजांवर खलाशी होते. पहिला तंबू चार किलोंचा झाला, तो अण्णांनी परत केला. दुसरा तीन. तिसरा अडीच किलोंवर आला तेव्हा पसंत पडला. चाचांनी पैसे घेताना सहज विचारलं, कुठल्या मुलखात चाललात. अण्णांनी नाव सांगितलं. आम्ही दोघं निघालो तसं त्यांनी आतून काळ्या कापडाची एक पट्टी आणून अण्णांच्या हातात ठेवली. "डोळ्यांवर बांधा. तिथं जूनमध्ये सूर्य बुडत नाय. झोप येत नाय माणसाला, नको नको ते आठवत बसतं."

अण्णांचं घर पावसच्या अलीकडे, कातळावरच्या एका वाडीत होतं. रोज ते एसटीने यायचे-जायचे. फेब्रुवारीपासून दर शनिवारी मात्र ते पाठीवर पिशवी घेऊन चालत घरी जाऊ लागले. भाट्याचा पूल ओलांडून चढ चढत, पंधरा-सोळा किलोमीटर. पिशवीत तंबू, कुळथाचं पीठ, पोहे, सातूचं पीठ, खजूर आणि उरलेल्या वजनासाठी जांभ्या दगडाचे तुकडे. पूर्ण पिशवी नऊ किलोंची हवी, जास्त नाही, असं ठरलं होतं. रेशनच्या दुकानातल्या काट्यावर ते ती दर आठवड्याला तोलायचे. नऊच्या वर काटा गेला म्हणून त्यांनी साबणाची वडी अर्धी कापली, टॉवेलाचा पंचा केला. घरी त्यांच्या पत्नीला, इंदूवहिनींना, ह्यातलं काही पटत नव्हतं. निवृत्तीनंतर माणसं काशीला जातात, असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. रघुनाथ हे नाव मात्र त्यांच्या तोंडून मी तेव्हा ऐकलं नाही. त्यांना अण्णांनी सांगितलं होतं, की मोजणी खात्यातल्या माणसांची सहल आहे.

एका शनिवारी मी भाट्याला मावशीकडे निघाले होते. पुलावर पुढे अण्णा चालताना दिसले. त्यांना गाठावं म्हणून मी पाय उचलले, पण जवळ गेल्यावर हाक मारली नाही. पूल रिकामा होता, आणि अण्णा कठड्याला अगदी घासून चालले होते. जसं काही पलीकडच्या बाजूने आणखी कुणीतरी बरोबर चालत आहे आणि त्याला जागा द्यायची आहे. मी मागेच राहिले.

व्हिसाचा अर्ज मी टाइप केला. प्रवासाचं कारण ह्या रकान्यात, भावाच्या कबरीला भेट, असं लिहिलं होतं. रघुनाथ भाऊ असणार हे एव्हाना मी ओळखलं होतं. अण्णांनी तो शब्द वाचला आणि अर्ज खाली ठेवला. कचेरीच्या मागच्या दारी पायऱ्या होत्या, तिथे जाऊन बसले. मला वाटलं, मी आगाऊपणा केला. माफी मागायला मागोमाग गेले, तर त्यांनी बसायची खूण केली.

मग त्यांनी जे सांगितलं, ते एका दमात, खालच्या आवाजात, माझ्याकडे न बघता सांगितलं.

रघुनाथ त्यांचा थोरला भाऊ. दादा. तरुणपणी जहाजावर गेला. एका फेरीत आजारी पडला म्हणून त्याला त्या बेटावर उतरवलं, तो तिथेच राहिला. मासळीच्या कारखान्यात काम करायचा. वर्षा-दोन वर्षांनी पत्र टाकायचा. इकडे वडिलोपार्जित कातळ होता, त्यावर विश्रामने, म्हणजे अण्णांनी, सुरुंग लावून खड्डे पाडले, खालून माती वाहून आणली, कलमं लावली. आठ वर्षं डोक्यावरून पाणी घातलं. कलमं फळ धरू लागली तेव्हा त्यांच्या मनात आलं, की एक घागर ज्याने ओतली नाही, त्याचा ह्यात अर्धा हिस्सा. त्यांनी लिहून दिलं, की भाऊ बारा वर्षं बेपत्ता आहे, दुसरा वारस नाही. सातबारावरून दादाचं नाव गेलं. कुणाला संशय आला नाही, कारण दादाची पत्रं अण्णाच पोस्टातून आणत आणि आईला वाचून दाखवत. त्यांनी ती वाचून दाखवायची बंद केली.

वर्षभराने दादाचं पत्र आलं. मी आता परत येतो, वरच्या अंगाची जागा माझ्यासाठी राख, तिथे दोन खोल्या बांधीन. अण्णांनी उत्तर दिलं नाही. आणखी एक आलं. त्यालाही दिलं नाही. त्यानंतरच्या हिवाळ्यात दादा छातीच्या आजाराने गेल्याची तार आली, पाठोपाठ सविस्तर पत्र. काय करावं, असं विचारलं होतं. अण्णांनी कचेरीचा पत्ता घालून दोन ओळी लिहिल्या. तिथेच पुरावं. दुसरे नातेवाईक नाहीत.

"आईला?" मी विचारलं.

"सांगितलं नाही." ते पायरीवरच्या मुंग्यांकडे बघत होते. "गणपतीला मुंबईची माणसं गावी यायची. आई दर वर्षी दादाचं पान वाढायची. यायचा असला तर उपाशी नको, म्हणायची. तार आल्यावरही आठ वर्षं वाढलं. मी त्याच्या शेजारच्या पानावर जेवायचो, बाई. जेवायचो मी."

आई गेली त्या वर्षीपासून त्यांना मोजणीवर तो माणूस दिसू लागला. कधी गडग्याशी, कधी झेंडीच्या मागे. चेहरा दिसत नसे. अण्णा म्हणाले, तो काही करत नाही. जागा दाखवायची वाट बघत असल्यासारखा नुसता उभा असतो.

अर्जातला तो शब्द त्यांनी बदलायला सांगितला नाही. सही केली.

मेअखेर अण्णा निवृत्त झाले आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. मी त्यांना सोडायला रेल्वे स्टेशनवर गेले होते. पाठीवर ती ताडपत्रीची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, हातात छत्री. इतर प्रवाशांत ते अगदी लहान मुलासारखे नवे दिसत होते. सोळा दिवसांनी परत आले, पण पुढचे दोन महिने कचेरीकडे फिरकले नाहीत. मग एका दुपारी आले आणि माझ्या टेबलासमोर बसले. काळे पडले होते, गालफडं बसली होती.

प्रवास ठरल्याप्रमाणे झाला होता. नऊ किलोंतला एक जिन्नस वाया गेला नाही. ब्रेड विकत घेतला, बाकी कुळथाच्या पिठल्यावर दिवस काढले. मासे वाळवायचे लाकडी मांडव होते, त्यांचा वास आपल्या बोंबलांसारखा, त्यामुळे पहिल्या दिवशी बरं वाटलं. पस्तीस किलोमीटरला दोन दिवस लागले. रस्ता उघडा, झाड नाही, दिवस संपत नाही, सावली सारखी बरोबर. इब्राहिमचाचांची पट्टी त्यांनी एकदाच बांधली आणि काढून टाकली. आपण डोळे मिटलेले असताना मोजणीवरचा तो माणूस येऊन जाईल असं वाटत होतं, म्हणाले, आणि मला तो दिसायला हवा होता. वाटेत शंभरदा मागे वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

दफनभूमीच्या त्या गृहस्थाने त्यांना जागा दाखवली. लहानसा दगड, नाव नीट कोरलेलं. समोर ताजी फुलं होती. फुलं कुणी ठेवली, म्हणून अण्णांनी विचारलं. दादा ज्या घरी खोली घेऊन राहायचा, त्या घरची बाई ठेवते, असं कळलं. नव्वदीला आलेली, वृद्धाश्रमात असते, दर रविवारी कुणाकडून तरी फुलं पाठवते. गृहस्थाने अण्णांना तिच्याकडे नेलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, अण्णांना जेमतेम. तो मध्ये बसून सांगत होता.

"मी नाव सांगितलं. विश्राम. तर तिने माझे दोन्ही हात धरले आणि सोडेना. तो माणूस मला म्हणाला, ती तुमचे आभार मानतेय."

"कशाबद्दल?"

"पत्रांबद्दल."

दादा तिला सांगायचा, की माझा भाऊ मला नेमाने पत्र लिहितो. जेवण झालं की खिशातून पत्र काढायचा आणि तिच्या भाषेत करून तिला आणि तिच्या नवऱ्याला वाचून दाखवायचा. यंदा मोहर कसा आला, आईचे गुडघे कसे आहेत, घरावर कौलं कधी घातली. त्यांना त्या वाडीतली सगळी माणसं नावानिशी माहीत होती. तो गेल्यावर तिने ती पत्रं बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवली. तुमची तुम्ही घेऊन जा, मला आता कोण वाचून दाखवणार, असं म्हणून तिने डबा अण्णांच्या मांडीवर ठेवला.

अण्णांनी पिशवीतून तो डबा काढला आणि माझ्यापुढे सरकवला. आत अकरा पत्रं होती. निळ्या शाईत, सुबक मराठी. मी पहिलं उघडलं.

"ती. दादास, विश्रामचा शि. सा. नमस्कार वि. वि. तुझं पत्र पावलं. आई बरी आहे, तुझी सारखी आठवण काढते. वरच्या अंगाची कलमं तुझी म्हणून राखली आहेत. तू आलास की हद्द दाखवतो, तोवर काळजी नसावी."

"हे अक्षर माझं नाही," अण्णा म्हणाले. "दादाचं आहे. सगळी त्यानेच लिहिली."

मी पुढची पत्रं उघडली नाहीत. एवढंच विचारलं, त्या बाईंना खरं सांगितलंत का.

"नाही सांगितलं. तिने माझा हात गालाला लावला होता. मी तसाच बसलो." त्यांनी डबा आपल्याकडे ओढला. "चांगला भाऊ म्हणून बसलो. तिथेही."

मुदतवाढीच्या कागदावर त्यांनी सही केली होती. नातं काय, ह्या रकान्यात भाऊ लिहिलं. एवढं एक काम झालं, म्हणाले. त्या रात्री दफनभूमीच्या भिंतीपलीकडे माळावर तंबू ठोकून ते दादाजवळ राहिले. झोप लागली नाही. काही दिसलं का, असं मी विचारलं, तर त्यांनी मान हलवली. तिकडे काहीच नव्हतं. उजेड होता नुसता.

परत आल्यावर त्यांनी इंदूवहिनींना सगळं सांगितलं. त्या चार दिवस बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी घरात दादाचं श्राद्ध करायला लावलं, वीस वर्षं राहिलेलं. हे मला अण्णांनी नाही, पुढे वहिनींनीच सांगितलं.

त्यानंतर माझी बदली चिपळूणला झाली, लग्न झालं. अण्णांची गाठ पडली ती एकदम दोन हजार पाचच्या मे महिन्यात. पावसला दर्शनाला गेले होते, येताना वाट वाकडी करून त्यांच्या वाडीत उतरले. अंगणात वहिनी कोकमांसाठी रातांबे फोडत बसल्या होत्या, हात कोपरापर्यंत लाल झालेले. त्यांनी पन्हं दिलं आणि अण्णा वरच्या अंगाला असतील म्हणून सांगितलं. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "आज एक तारीख ना. आज ते खाली यायचे नाहीत लवकर."

वरच्या अंगाची कलमं दाट झाली होती. मधोमध एक मोकळा चौकोन होता, दोन खोल्यांएवढा, तिथे झाड नव्हतं. अण्णांनी तिथली कलमं तोडून टाकली होती. त्या चौकोनाच्या कडेला जांभ्याच्या दगडावर ते बसले होते, मांडीवर फळी, फळीवर कागद. खूप थकले होते. मला ओळखायला वेळ लागला, पण ओळखल्यावर चेहरा उजळला. घरच्यांची चौकशी केली. मी त्यांच्या तब्येतीचं विचारलं. त्यांनी हाताने ते बाजूला सारलं.

दर महिन्याच्या एक तारखेला ते दादाचं एक पत्र इथे येऊन मोठ्याने वाचत. पण पत्रं अकराच. चार वर्षं ह्या एका महिन्याला वाचायला काही नसायचं, असं त्यांनी सांगितलं. यंदा त्यांनी ठरवलं होतं, की बारावं आपण लिहावं. सकाळपासून लिहीत होते. "तुमचा डोळा शुद्धलेखनाला बरा आहे. बघा जरा."

मी कागद घेतला. मला वाटलं होतं, त्यांनी दादाला लिहिलं असेल. तसं नव्हतं. अक्षर अण्णांचं, कापरं, पण मायना वेगळा होता. "चि. विश्रामास, दादाचा अनेक आशीर्वाद." खाली लिहिलं होतं, की मी इकडे सुखरूप आहे. थंडी फार आहे. तुझी पत्रं मिळतात, त्यामुळे दिवस जातात. कलमांना पाणी घालून तू दमत असशील, स्वतःला जप. मध्ये दोन ओळी खोडलेल्या होत्या, इतक्या गर्द, की कागद फाटला होता. त्या खोडलेल्या ओळींत काय होतं ते त्यांनाच ठाऊक. मी तुला क्षमा केली, असं काहीतरी असेल, असं मला वाटलं. ते त्यांना दादाच्या नावाने लिहवलं नसेल. त्याच्याखाली एकच ओळ होती, आणि ती खोडलेली नव्हती.

"माझ्याबद्दल आईला काय सांगितलंस ते कळव."

मी कागद परत दिला. चूक नाही, म्हटलं. अण्णांनी मान डोलावली. मग पेनाचं टोपण काढलं, जवळचा दुसरा कोरा कागद घेऊन फळीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"ह्याचं उत्तर काय लिहू?"

खाली रस्त्यावर माझी परतीची गाडी आल्याचा आवाज झाला. मी वाकून नमस्कार केला आणि निघाले. उतारावरून एकदा मागे पाहिलं. अण्णा कागदावर वाकले होते, पेन टेकवलेलं होतं, आणि हात हलत नव्हता.